शिट्टीनंतरचे मैदान कोणाचे?

अंतिम सामना संपल्याची लांब शिट्टी वाजते आणि राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून गर्दी मैदानाकडे झेपावते. कोणी लाडक्या खेळाडूला खांद्यावर घेतो, कोणी पेठेचा झेंडा नाचवतो, हलगीचा ठेका सुरू होतो आणि गुलाल उधळला जातो. कोल्हापुरात हंगाम संपता संपता हे दृश्य पाहिले नाही, असा फुटबॉलशौकीन विरळाच. पण त्याच वेळी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला पराभूत संघाचे खेळाडू मान खाली घालून उभे असतात, पंच बंदोबस्तात बाहेर पडण्याची वाट पाहत असतात आणि समोरच्या गॅलरीत हरलेल्या पेठेचे शेकडो समर्थक हा जल्लोष बघत असतात. ठिणगी पडायला एखादी घोषणा किंवा भिरकावलेली एखादी बाटली पुरते.

सामना संपल्यावर प्रेक्षकांना मैदानात उतरू द्यावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. जगभरच्या क्रीडा संघटनांनी त्याची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत आणि त्यातील काही उत्तरांची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे. कोल्हापुरासारख्या शहरात, जिथे खेळाडू, पंच आणि प्रेक्षक एकाच गावात, कित्येकदा एकाच गल्लीत राहतात, तिथे तर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे.

तालमीतून आलेला फुटबॉल

कोल्हापूरचा फुटबॉल क्लबांपेक्षा तालमींचा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस फुटबॉल क्लब, संयुक्त जुना बुधवार पेठ, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही नावे उच्चारली, की त्या त्या भागाचा अभिमान डोळ्यांसमोर उभा राहतो. संस्थानकाळात छत्रपती घराण्याच्या आश्रयाने रुजलेला हा खेळ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजेच सर्वांच्या परिचयाच्या ‘केएसए’च्या छत्राखाली वाढला. केएसएची साखळी स्पर्धा आणि त्यानंतर येणारे महापौर चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक अशा स्पर्धांमुळे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियम गजबजलेले असते. याच मातीतून पुढे गेलेला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या संघातून खेळला. विश्वचषकाच्या काळात चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे कटआउट उभे राहतात, ते याच वेडापायी.

तालीम हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. तालमीचा मूळ खेळ कुस्ती आणि कुस्तीच्या मैदानात प्रेक्षक व खेळाडू यांच्यातील अंतर नेहमीच थोडे राहिले. परदेश दौऱ्यात पाहिलेल्या रोमन क्रीडागारावरून राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदानाची कल्पना घेतली, असे सांगितले जाते. तिथे मधोमध हौदा आणि भोवती उतरत्या बैठका आहेत. कोणालाही कुस्ती सहज दिसावी आणि तरीही हौदा मोकळा राहावा, अशी ती रचना. मात्र कुस्ती निकाली झाली, की विजयी मल्लाला खांद्यावर घेऊन हौद्याभोवती फिरवायचे, फेटा बांधायचा, शौकिनांनी पुढे होऊन हातात बक्षिसाच्या नोटा द्यायच्या, ही पद्धत गावोगावच्या यात्रांतील मैदानांपर्यंत सर्वत्र रूढ आहे. हा मल्ल ‘आपला’ आहे, हे जाहीर करण्याची ती रीत आहे.

फुटबॉलच्या मैदानात धावणारा कोल्हापुरी प्रेक्षक कळत नकळत हीच रीत पाळत असतो. त्यामुळे त्याला सरसकट हुल्लडबाज म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु कुस्ती दोन मल्लांत होते, तर फुटबॉलचा सामना दोन पेठांत. हौद्याभोवती मल्लाला फिरवताना समोर दुसरी पेठ दंड थोपटून उभी नसते. स्टेडियममध्ये ती असते. फरक इथे आहे.

आनंदाची धाव, रागाची धाव

मैदानात उतरणारी माणसे सारखीच दिसत असली तरी त्यामागची कारणे निराळी असतात. पहिली धाव आनंदाची. १९७० च्या विश्वचषक अंतिम सामन्यानंतर मेक्सिको सिटीच्या अॅझटेका स्टेडियममध्ये प्रेक्षकांनी पेलेला उचलून घेतले आणि १९८६ मध्ये त्याच मैदानावर चषक उंचावणारा मॅराडोना चाहत्यांच्या खांद्यावर दिसला. ही छायाचित्रे आज फुटबॉलच्या इतिहासाचा ठेवा मानली जातात. दुसरी धाव रागाची. पंचांचा निर्णय, संघाचा पराभव किंवा प्रतिस्पर्ध्याने डिवचणे ही तिची निमित्ते. तिसरी एकट्यादुकट्याची. कोणाला प्रसिद्धी हवी असते, कोणाला आवडत्या खेळाडूचा स्पर्श, तर कोणाला एखादा राजकीय संदेश द्यायचा असतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विराट कोहलीपर्यंत पोचलेला तरुण या तिसऱ्या प्रकारातला.

अडचण अशी, की मैदानात उतरलेल्या हजार माणसांतून आनंदी कोण, संतापलेला कोण आणि खिशात दगड घेऊन आलेला कोण, हे ओळखण्याचे साधन कोणत्याही पोलिसाकडे नसते. शिवाय एक धाव दुसरीत बदलायला वेळ लागत नाही.

आनंद घाईचा ठरला, तर काय होते याचेही दाखले आहेत. २१ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवरील पहिल्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाची शेवटची जोडी खेळत असताना थॉमसनचा झेल घेतला गेला. सामना संपला असे समजून प्रेक्षक मैदानात घुसले, पण तो चेंडू नोबॉल होता! गर्दीत चेंडू दिसेनासा झाला आणि फलंदाज धावतच राहिले. जर्मनीत २००१ मध्ये शाल्केचे समर्थक विजेतेपद मिळाले असे समजून मैदानात नाचत असतानाच दुसरीकडे बायर्न म्युनिकने भरपाई वेळेत गोल केला आणि चार मिनिटांचा तो आनंद अश्रूंत विरला. याउलट १४ एप्रिल २०२४ रोजी लेव्हरकुसेनच्या पहिल्यावहिल्या विजेतेपदाच्या वेळी पाच गोलांची आघाडी असल्याने नव्वदाव्या मिनिटाच्या सुमारास चाहत्यांनी व्यापलेल्या मैदानातच पंचांनी सामना संपवला आणि कोणाचे काही बिघडले नाही.

मुंबईने शिकवलेला धडा

या विषयावरचे दोन बोलके प्रसंग महाराष्ट्रातच घडले आहेत. जानेवारी १९६० मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेगने अर्धशतक पूर्ण केले तेव्हा एक तरुणी मैदानात धावत गेली आणि तिने त्याच्या गालाचे चुंबन घेतले. त्या काळात या घटनेची चर्चा खूप झाली, पण तिचा शेवट हसण्यावारी झाला.

बरोबर पंधरा वर्षांनी, जानेवारी १९७५ मध्ये, वानखेडे स्टेडियमवरील पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइडने द्विशतक झळकावले. त्याचे अभिनंदन करण्यासाठी एक तरुण मैदानात धावला. पोलिसांनी त्याला पकडून मारहाण केली आणि ते पाहणाऱ्या प्रेक्षकांचा संयम सुटला. मोडतोड, जाळपोळ झाली आणि चहापानानंतरचा खेळ वाया गेला. लॉइड पुढे २४२ धावांवर नाबाद राहिला, पण त्या दिवसाची आठवण निघते ती दंगलीसह.

दोन्ही प्रसंगांत मैदानात उतरणारी व्यक्ती एकटीच होती आणि हेतूही कौतुकाचाच होता. फरक पडला तो तिला दिलेल्या वागणुकीमुळे. प्रेक्षक मैदानात येणे हा धोका आहेच, परंतु त्याला बाहेर काढण्याची पद्धत हा त्याहून मोठा धोका ठरू शकतो.

लिमा ते मलांग

हाच धडा जगाने फार भयंकर रीतीने गिरवला. २४ मे १९६४ रोजी पेरूची राजधानी लिमा येथे पेरू आणि अर्जेंटिना यांच्यातील ऑलिम्पिक पात्रता सामन्यात यजमानांचा गोल नाकारला गेला. एकामागून एक दोन प्रेक्षक मैदानात घुसले. दुसऱ्याला पोलिसांनी बदडले, तेव्हा प्रेक्षक खवळले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांकडे धावले आणि खालची लोखंडी दारे बंद होती. अधिकृत आकड्यानुसार ३२८ जण मृत्युमुखी पडले.

त्यानंतर अठ्ठावन्न वर्षे उलटली तरी माणसे शिकली नाहीत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील मलांग येथे अरेमा संघ कट्टर प्रतिस्पर्धी पर्सेबायाकडून हरला. पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच नव्हता, तरीही सामना संपल्यावर यजमानांचेच समर्थक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी गॅलरीतही डागली. फुटबॉल मैदानावर असा वायू वापरू नये, असे फिफाचे सुरक्षा नियम स्पष्ट सांगतात. अरुंद आणि काही ठिकाणी बंद असलेल्या दारांशी चेंगराचेंगरी होऊन १३५ जणांचा जीव गेला. मृतांत मैदानात पाऊलही न टाकलेली माणसे होती, लहान मुले होती.

कुंपणाचा उपाय आणि त्याची किंमत

मग मैदानाभोवती उंच कुंपण घालावे, हा सोपा उपाय सुचतो. इंग्लंडने तो करून पाहिला. सत्तरच्या दशकातील हुल्लडबाजीला कंटाळून तेथील अनेक स्टेडियममध्ये लोखंडी जाळ्या उभ्या राहिल्या. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कप उपांत्य सामन्यात याच जाळ्यांमागे लोक चिरडले गेले. जीव वाचवण्यासाठी जे जाळीवर चढू लागले, ते मैदानात घुसखोरी करीत आहेत असा पोलिसांचा सुरुवातीला समज झाला. या दुर्घटनेतील मृतांची संख्या पुढे ९७ झाली. न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर इंग्लंडमधील मैदानांवरची कुंपणे निघाली.

कुंपण काढल्यावर तेथे कायदा आला. १९९१ च्या फुटबॉल गुन्हेविषयक कायद्याने परवानगीशिवाय मैदानात उतरणे हाच गुन्हा ठरवला. तरी प्रश्न संपला नाही. मे २०२२ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने पात्रता सामना जिंकल्यावर मैदानात उतरलेल्या गर्दीतील एकाने शेफिल्ड युनायटेडच्या बिली शार्पला डोक्याने धडक मारून जखमी केले. त्याला २४ आठवड्यांची कैद झाली. त्या हंगामाअखेर असे प्रकार वाढल्याने इंग्लिश फुटबॉलच्या संघटनांनी मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडे तक्रार आणि त्याच्यावर क्लबकडून किमान एक वर्षाची बंदी, असे धोरण जाहीर केले.

आयर्लंडची कथा कोल्हापूरला अधिक जवळची वाटावी. तेथे गेलिक फुटबॉलचा अंतिम सामना संपल्यावर डब्लिनच्या क्रोक पार्कवर प्रेक्षकांनी उतरणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती. गेलिक फुटबॉलही गावाच्या आणि परगण्याच्या अभिमानावर चालणारा, हौशी खेळाडूंचा खेळ. जुलै २०१० मध्ये लीन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी वादग्रस्त गोल दिला गेला आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानातच पंचांवर हल्ला केला. मैदानबंदीची तयारी संघटनेने आधीपासून चालवली होतीच. या घटनेनंतर तिची अंमलबजावणी कडक झाली. परंपरेवर प्रेम करणारी हजारो माणसे एका बाजूला आणि पंचाच्या अंगावर गेलेली मूठभर दुसऱ्या बाजूला. शेवटी मुठीचे पारडे जड ठरले.

परवानगी देणारी मैदाने

याचा अर्थ जगात सर्वत्र बंदीच आहे, असे नाही. इंग्लंडमधील कौंटी क्रिकेटच्या सामन्यांत उपाहाराच्या वेळी प्रेक्षकांना अनेक ठिकाणी मैदानात फिरू देतात. लोक दोरीपलीकडून खेळपट्टी न्याहाळतात, मुले टेनिसच्या चेंडूने खेळतात आणि घंटा वाजताच सारे परततात. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये सामन्यानंतर कुटुंबांना मैदानात येऊन चेंडू लाथाडण्याची मुभा अनेकदा दिली जाते. सिडनीत २५ मार्च २०२२ रोजी लान्स फ्रँकलिनने कारकिर्दीतील हजारावा गोल केला तेव्हा हजारो प्रेक्षक मैदानात आले, खेळ अर्ध्या तासाहून अधिक थांबला आणि पुन्हा सुरूही झाला.

या उदाहरणांत काही गोष्टी समान आहेत. अशी गर्दी होणार, हे आधीच ठाऊक असते. खेळाडू आणि पंच यांच्याभोवती संरक्षण असते, खेळपट्टी राखलेली असते आणि प्रतिस्पर्धी समर्थकांत हाडवैर नसते. परवानगी आहे, पण तिला वेळ आणि हद्द आहे.

नियम काय सांगतो?

फुटबॉलच्या नियमांनुसार बाहेरच्या हस्तक्षेपामुळे सामना थांबवणे, स्थगित करणे किंवा रद्द करणे, हे अधिकार पंचांचे आहेत. फिफाच्या शिस्तपालन संहितेनुसार प्रेक्षकांनी मैदानात शिरणे वा तसा प्रयत्न करणे याची जबाबदारी यजमान क्लब आणि संघटनेवर येते. भारतात मैदानात उतरण्याविषयी इंग्लंडसारखा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. अशा प्रसंगी पोलिस अतिक्रमण, बेकायदा जमाव, मारहाण, मालमत्तेचे नुकसान अशा सर्वसाधारण तरतुदींचा आधार घेतात. परिणामी संयोजकांनी आखलेले नियम आणि तालमींनी पाळलेली शिस्त यांवरच आपल्याकडे बराचसा भार असतो.

कोल्हापूरच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. शाहू स्टेडियम हे सर्व संघांचे सामाईक मैदान. इथे यजमान कोण आणि पाहुणा कोण? दोन्ही पेठा घरच्याच. त्यामुळे ‘यजमान संघ जबाबदार’ हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. प्रत्येक तालमीला आपापल्या गॅलरीची हमी घ्यावी लागते.

दोन्ही बाजू

प्रवेशाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की हा खेळ लोकवर्गणीवर आणि लोकांच्या प्रेमावर उभा आहे. तिकीट काढून उन्हात बसणाऱ्याला वर्षातून एकदा त्या हिरवळीवर पाय ठेवू दिला तर बिघडले कुठे? उद्याचा गोलरक्षक त्या गर्दीत वडिलांचे बोट धरून उभा असेल. शिवाय बक्षीस समारंभाच्या वेळी नेते, त्यांचे कार्यकर्ते आणि फोटोसाठी आतुर मंडळी मैदानात चालतात, मग सामान्य शौकीनच का चालत नाही? हा आक्षेप बिनबुडाचा नाही. १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मेस्सीभोवती मान्यवरांचा गराडा पडला आणि पैसे मोजून आलेल्या चाहत्यांना तो नीट दिसलाही नाही. त्यानंतर बाटल्या आणि खुर्च्या भिरकावत लोक मैदानात घुसले, ते याच असंतोषातून.

विरोधी बाजूही तितकीच भक्कम आहे. नव्वद मिनिटे धावून थकलेला पराभूत खेळाडू त्या क्षणी सर्वांत असुरक्षित असतो. पंच तर याच शहरातले. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच चौकातून कामावर जायचे असते. एका पेनल्टीसाठी पंचाच्या अंगावर माणसे धावून जाणार असतील, तर उद्या शिट्टी हातात घ्यायला कोण तयार होईल? मैदानातील हुल्लडबाजी, दगडफेक आणि त्यानंतर पेठांत उमटणारे पडसाद कोल्हापूरला नवे नाहीत. गुन्हे दाखल होतात तेव्हा नाव जाते ते विशीतल्या पोरांचे. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीची वेळ आली, की त्या एका संध्याकाळची किंमत कळते. आणि हंगामच थांबवावा लागला, तर नुकसान होते खेळणाऱ्यांचे.

मधला मार्ग

या साऱ्याचा विचार करता मोकाट प्रवेश आणि सरसकट बंदी या दोन्ही टोकांपेक्षा मधला मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. साखळी सामन्यांनंतर आणि चुरशीच्या बाद फेरीनंतर मैदान पूर्णतः बंद असावे. अशा वेळी हरलेल्या बाजूच्या जखमा ताज्या असतात आणि पुढचा सामनाही तोंडावर असतो. स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर मात्र ठरलेल्या अटींवर प्रवेश देता येईल. आधी पंच, मग पराभूत संघ सुरक्षितपणे आत जावा. त्या संघाच्या समर्थकांना वेगळ्या दाराने बाहेर पडायला वेळ मिळावा. पंधरा-वीस मिनिटांनी ध्वनिक्षेपकावरून घोषणा व्हावी आणि विजयी बाजूच्या एकाच दारातून, आधी महिला व मुले, या क्रमाने लोकांना ठरलेल्या भागात सोडावे. गोलखांब आणि जाळ्या दोरीने राखाव्यात. फटाके व बाटल्या बाहेरच राहाव्यात. बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावर मोजकीच माणसे असावीत, म्हणजे नियम सर्वांना सारखा आहे, हे दिसेल.

गर्दी आवरण्यासाठी पोलिसांच्या पुढे तालमीचे ओळखपत्रधारी स्वयंसेवक असावेत. अनोळखी लाठीपेक्षा पेठेतल्या वडीलधाऱ्या माणसाचा ‘मागं सर रे’ हा शब्द कोल्हापुरात अधिक चालतो. नियम मोडणाऱ्या तालमीला गुणकपातीची किंवा प्रेक्षकांविना सामना खेळण्याची शिक्षा हंगामापूर्वीच ठरलेली असावी. घटना घडल्यावर शिक्षा ठरवली, की तिला पेठेचा रंग चढतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाहेर पडण्याचे प्रत्येक दार सामना संपण्यापूर्वी उघडलेले असावे. लिमा आणि मलांग येथे माणसे मेली ती प्रामुख्याने दारांशी.

ही व्यवस्था एका अंतिम सामन्यात करून पाहता येईल. ती जमली तर पुढे चालू ठेवावी, फसली तर मैदान बंद करावे आणि तसे सर्व तालमींना आधीच सांगावे. परवानगी हा हक्क म्हणून मागण्यापेक्षा वागणुकीने कमवावी लागेल.

खासबागेत कुस्ती सुरू असताना हजारो माणसे श्वास रोखून बसतात आणि हौद्यात पाय टाकत नाहीत. तिथे हौद्याला मान आहे. कुस्ती निकाली झाल्यावर हरलेल्या मल्लालाही लोक पाठीवर थाप देऊन निरोप देतात. शाहू स्टेडियमच्या हिरवळीला हा मान मिळाला आणि हरलेल्या पेठेच्या पोराच्या पाठीवर ती थाप पडू लागली, तर शिट्टीनंतर दार उघडताना संयोजकांचा हात थरथरणार नाही.